बारा लाल भुंगेरे: दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती कशी गेली

जून उजाडला की माझ्याकडे दहावीची नवी बॅच सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आमचं. निम्मी मुलं राज्य मंडळाची, निम्मी सीबीएसईची, आणि बसतात सगळी एकाच सतरंजीवर. राज्य मंडळाच्या मुलांनी ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ उघडलं की पहिलाच धडा येतो ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ ही अवशेषांगे. पेरीपॅटस आणि डकबिल प्लॅटिपस हे दोन प्राणिगटांना जोडणारे दुवे. पुढे डार्विनची नैसर्गिक निवड. शेजारी बसलेल्या सीबीएसईच्या मुलाच्या एनसीईआरटीच्या (केंद्राची पाठ्यपुस्तकं तयार करणारी संस्था) पुस्तकातही हा धडा होता आणि त्याचंही नाव ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असंच होतं. आता तिथे नुसती ‘आनुवंशिकता’ उरली आहे. मेंडेलचे वाटाणे आहेत, उंच झाड-बुटकं झाड आहे, मुलगा की मुलगी हे कसं ठरतं तेही आहे. ‘आणि’ च्या पुढचं सगळं गेलं.

ते काय होतं, कसं गेलं आणि त्याचा कपाशीशी काय संबंध, ते मी इथे मांडते आहे. वर्तमानपत्रात ‘डार्विन हटवला’ एवढाच मथळा आला आणि त्यावर दोन बाजू पडल्या. प्रत्यक्ष पुस्तक उघडून बघणारे थोडे होते.

काय गेलं

माझ्याकडे त्या पुस्तकाची जुनी प्रत आहे. उत्क्रांतीचा भाग एका साध्या गोष्टीने सुरू होतो. हिरव्या पानांच्या झुडपात बारा लाल भुंगेरे राहतात. कावळ्यांना लाल रंग लगेच दिसतो, ते भुंगेरे खातात. पिल्लं होताना कधीतरी रंगात फरक पडतो आणि एक हिरवा भुंगेरा जन्मतो. तो पानात दिसत नाही, म्हणून वाचतो. त्याची पिल्लंही हिरवी. काही पिढ्यांनी झुडपात हिरवे वाढतात, लाल कमी होतात.

मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा येते, पण वळण वेगळं. या वेळी एक निळा भुंगेरा जन्मतो. निळाही कावळ्याला लालइतकाच दिसतो, त्यामुळे रंगाचा काही फायदा नाही. पण एक हत्ती येतो आणि झुडपं तुडवून जातो. वाचलेल्या मोजक्या भुंगेऱ्यांत योगायोगाने निळे जास्त असतात, आणि पुढे निळ्यांचीच वस्ती होते. तिसऱ्यांदा झुडपांवर रोग पडतो, पानं कमी होतात, भुंगेरे हडकतात. काही वर्षांनी पानं पुन्हा भरपूर येतात आणि पुढची पिढी पूर्वीसारखीच धष्टपुष्ट निघते, कारण उपासमारीने आलेला हडकुळेपणा जनुकांत उतरत नाही.

तीन छोट्या गोष्टींत तीन वेगळे विचार आहेत. निवड काय असते, योगायोग काय असतो, आणि कमावलेला गुण पोरांकडे का जात नाही. मी वीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. हा विषय इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या नीट क्रमाने मांडलेला मी शालेय पुस्तकात दुसरीकडे पाहिला नाही.

त्याच धड्यात पुढे रानकोबीची गोष्ट होती. माणसाने एकाच रानटी वनस्पतीतून हवी ती झाडं निवडत निवडत कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल तयार केले. बाजारच्या दिवशी एकाच टोपलीत दिसणाऱ्या या तीन भाज्या एकाच जातीच्या आहेत, हे ऐकल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. जीवाश्मांचा भाग होता. बेडूक, सरडा, पक्षी आणि माणूस यांच्या हाता-पायांची हाडं एकाच आराखड्याची कशी, ते होतं. ‘उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे’ असा एक स्वतंत्र मुद्दा होता. माकडापासून माणूस ‘वर चढला’ हा घरोघरी पक्का बसलेला गैरसमज तिथे खोडला होता. आणि जीवाच्या उगमावर एक चौकट होती, तिच्यात ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचा उल्लेख होता. जीव निर्जीव रसायनांतून उपजला असावा, असं त्यांनी १९२९ साली सुचवलं होतं. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. उत्क्रांतीच्या गणिती मांडणीचा पाया घालणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक आपल्या देशाचा नागरिक होता, हे दहावीच्या पोराला कळायची जागा तेवढी एक चौकट होती.

कसं गेलं

या प्रकरणाआधी एक प्रसंग घडला होता, आणि तो आपल्या महाराष्ट्रातच. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला एका वैदिक संमेलनात केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलं नाही, आणि शाळा-कॉलेजांतून हे बदललं पाहिजे. सिंह पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, त्यामुळे इथे नाव परिचयाचं. त्यावर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी दोन-तीन दिवसांत एकत्रित निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनीही विज्ञान पातळ करू नये असं सहकाऱ्याला जाहीरपणे सांगितलं. विषय तिथेच मिटला.

दोन वर्षांनी टाळेबंदी आली. जुलै २०२० मध्ये सीबीएसईने नववी ते बारावीचा अभ्यासक्रम त्या वर्षापुरता सुमारे ३० टक्क्यांनी कमी केला, आणि दहावीतून जे वगळलं त्यात उत्क्रांती होती. शाळा बंद, अर्ध्या घरात मोबाइल नाही, एका खोलीत चार माणसं. त्या वर्षी अभ्यास कमी करणं योग्यच होतं, मी स्वतः पोरांना ‘हे सोडा, पुढचं धरा’ म्हणत होते. वर्ष सरल्यावर हा भाग परत येईल असं गृहीत धरलं होतं.

तो आला नाही. २०२२ मध्ये एनसीईआरटीने पुस्तकांचं ‘रॅशनलायझेशन’ केलं, म्हणजे पोरांवरचं ओझं हलकं करण्यासाठी भाग वगळले, आणि त्या यादीत दहावीच्या धड्यातला उत्क्रांतीचा सगळा भाग पुस्तकातूनच निघाला. वगळण्याचे निकष छापलेले होते. तोच मजकूर दुसरीकडे येतो, खालच्या किंवा वरच्या इयत्तेत येतो, अवघड आहे, मूल स्वतःचं स्वतः शिकू शकतं, किंवा आजच्या काळात संदर्भ उरलेला नाही. दहावीतून आवर्तसारणीचा धडाही गेला, ‘ऊर्जेचे स्रोत’ हा धडाही गेला. यादी लांबलचक होती, अनेक विषयांची, अनेक इयत्तांची. त्या यादीत हा बदल दोन-चार ओळींचा.

२०२३ च्या वसंतात नवी पुस्तकं दुकानात आली तेव्हा कुठे गलका झाला. एप्रिलमध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या विज्ञानप्रसार करणाऱ्या संघटनेने काढलेल्या पत्रावर १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रसारकांनी सह्या केल्या. टीआयएफआर, आयसर, आयआयटी अशा संशोधन-शिक्षण संस्थांतले लोक त्यात होते. सरकारकडून उत्तर आलं की उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, आणि ज्याला वाचायचं त्याला इंटरनेटवर सगळं मिळतं.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही तुलना. २०१८ मध्ये एक माणूस व्यासपीठावर उभा राहून बोलला. त्याचं म्हणणं चूक होतं, पण ते म्हणणं होतं, म्हणून त्याला तीन दिवसांत उत्तर मिळालं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी २००४ मध्ये शाळा मंडळाने जीवशास्त्राच्या तासात ‘बुद्धिमान रचने’ची, म्हणजे जीव कुणा बुद्धिमान शक्तीने रचले या कल्पनेची, पुस्ती जोडली, तेव्हा अकरा पालक कोर्टात गेले, सहा आठवडे साक्षी झाल्या, आणि डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ही रचना म्हणजे विज्ञान नाही असा १३९ पानी निकाल दिला. तिथेही समोर दावा होता, तो तपासता आला. आपल्याकडे दावा कुणी केलाच नाही. उत्क्रांती खोटी आहे असं एनसीईआरटी कधीच म्हणाली नाही. आधी एका कठीण वर्षासाठी सोय म्हणून काढली, मग सोयीची सवय झाली, मग सवयीचं पुस्तक छापलं गेलं. हेतू काय होता यावर लोक भांडत राहिले. त्या भांडणात मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दहावीच्या पोराने काय गमावलं याकडे, कुणाचं लक्ष राहिलं नाही.

बारावीत आहे ना?

हो, आहे, आणि चांगला धडा आहे. पण बारावीत जीवशास्त्र कोण घेतं? आपल्याकडे दहावीनंतर वाटा फुटतात. कुणी कॉमर्सला जातं, कुणी आर्ट्सला, आयटीआयला, पॉलिटेक्निकला. विज्ञान घेणाऱ्यांतलेही अनेक जण गणित धरून जीवशास्त्र सोडतात. कितीतरी मुलींची तर शाळाच दहावीला संपते. म्हणजे देशातल्या सगळ्या मुलांनी मिळून विज्ञान शिकायचं शेवटचं वर्ष दहावी. पुढे जो तहसीलदार होईल, जो कृषी केंद्र चालवेल, जो बँकेत पीककर्ज मंजूर करेल, त्याची आणि उत्क्रांतीची गाठ पडायची जागा तीच. ‘वरच्या इयत्तेत येतं’ हा निकष कागदावर बरोबर दिसतो, पण वरच्या इयत्तेत तोच वर्ग बसलेला नसतो.

आणि इंटरनेटवर मिळतं म्हणावं, तर तिथे काय मिळतं? ‘माकडं अजून माकडंच का?’ असे व्हिडिओ पहिल्या पानावर मिळतात. पोरगं वर्गात ऐकून गेलेलं असलं तर हसून पुढे सरकवेल. ऐकलेलंच नसलं तर त्याला तेच पहिलं शिक्षण.

पऱ्हाटीतली अळी

धडा गेला तरी मी सीबीएसईच्या मुलांना उठवून दुसऱ्या खोलीत बसवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मिळून एक खेळ असतो. जमिनीवर हिरवी चादर अंथरायची, तिच्यावर पन्नास दाणे मसूर डाळीचे आणि पन्नास हिरव्या मुगाचे विस्कटून टाकायचे. चार मुलं कावळे होतात. दहा सेकंदांत चिमटीने दिसेल तो दाणा उचलायचा, एका वेळी एकच. मग चादरीवर उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच जातीचं एक पिल्लू द्यायचं आणि पुन्हा कावळे सोडायचे. चौथ्या फेरीपर्यंत चादर जवळजवळ नुसत्या मुगाची होते. नंतर मी हत्ती होते. डोळे मिटून हाताने अर्धी चादर झाडून टाकते, आणि उरेल ते उरेल.

मागच्या वर्षी खेळ आवरताना सीबीएसईचा एक मुलगा, वडिलांची आठ एकर पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), हातातले मूग वाटीत टाकत म्हणाला, “मॅडम, मंग बोंडअळीचं असंच झालं का?”

असंच झालं. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूचा एक जनुक कपाशीत घातला होता. त्या जनुकामुळे पानात-बोंडात अळीला विष ठरणारं प्रथिन तयार होतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. सुरुवातीची वर्षं बोंडअळी खरोखर हटली, फवारण्या कमी झाल्या, आमच्या गावात लोकांनी पक्की घरं बांधली. पण असंख्य अळ्यांत एखादी अशी असते की तिच्या आतड्यात ते विष नीट बसत नाही. ती जगते. शेतात बाकी सगळ्या मेलेल्या, मग तिला जोडीदार कोण मिळणार? तिच्यासारखाच वाचलेला. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचं जाहीर झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथेच बोलगार्ड-२ ही हरलं. २०१७ च्या खरिपात ती विदर्भ-मराठवाड्यावर तुटून पडली. फुलं न उमलता डोमकळ्या झाल्या, बोंडं फोडली की आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी वळवळतेय. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे बरीच कारणं होती, पण किडीने हातघाईवर आणलेला माणूस पंप पाठीवर घेऊन उंच पऱ्हाटीत शिरला, हे त्यातलं एक होतंच.

यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे नॉन-बीटीची पुडी. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची वेगळी पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने लावायची असं सांगितलेलं असे. आमच्याकडे ती बांधावर पडली, कुणाकडे कोठीत तशीच राहिली. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. जिच्यावर अळी पडणार हे आधीच ठाऊक आहे, ती झाडं पदरची मेहनत घालून कोण लावेल? आणि ती का लावायची हे कुणी सांगितलंच नाही. सांगायचं तर असं सांगावं लागतं: कडेच्या साध्या झाडांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचे पतंग आतल्या दणकट पतंगांशी जुळतील आणि त्यांची पिल्लं पुन्हा विषाला बळी पडतील. कमकुवत अळीला मुद्दाम जगवायचं, म्हणजे दणकट अळीची वस्ती होत नाही. लाल भुंगेऱ्यांची गोष्ट ज्याला कळली त्याला हे पाच मिनिटांत पटतं. ज्याने ती ऐकली नाही, त्याला ती पुडी कंपनीने गळ्यात मारलेला कचरा वाटते.

हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन म्हणतात, ती बीटीला इतक्या लवकर का नाही सरावली, याचंही उत्तर त्याच धड्यात आहे. ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते. तिच्यासाठी विषाविना वाढायची जागा आपोआप शिल्लक राहते. गुलाबी अळीचं सगळं आयुष्य कपाशीवर. त्यात आपण लांब मुदतीचे वाण लावतो आणि फरदड घेतो, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवून पुन्हा कापूस काढतो. त्यामुळे मार्च-एप्रिलपर्यंत तिला अन्न आणि प्रत्येक पिढीला पुन्हा तीच चाळण. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सल्ला अगदी बरोबर असतो. पण कारण माहीत नसलेला सल्ला माणूस पैशाच्या अडचणीत पहिला मोडतो, आणि फरदडीचे दोन क्विंटल कापूस म्हणजे उन्हाळ्यातलं एक लग्नकार्य.

त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना हे सांगितलं. वडील दुसऱ्या दिवशी स्वतः आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे आम्हाले दहा वर्षं आधी कोणी सांगाले पाहिजे होतं.”

आणि हवामान

त्याच यादीत हवामानाचे भागही गेले. अकरावीच्या भूगोलातला हरितगृह परिणामाचा भाग, सातवीतला हवामान आणि प्राण्यांचं अनुकूलन हा सबंध धडा, नववीत भारतीय मोसमी पावसाविषयीचा काही मजकूर. २०२२ मध्येच काही शिक्षकांनी एकत्र येऊन यावर हरकत घेतली होती, पण ती उत्क्रांतीइतकी गाजली नाही. अकरावीच्या भूगोलाचं दुःख मला कमी आहे, तो विषय मुळात थोडी मुलं घेतात. सातवीचं जास्त आहे, कारण सातवीत सगळी असतात. ध्रुवीय अस्वलाची जाड चरबी आणि सिंहपुच्छ वानराचं झाडावरचं जगणं या दोन चित्रांतून मुलाला कळायचं की हवामान आणि जीव एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. ते एकदा कळलं की हवामान झपाट्याने बदललं तर जिवाचं काय होईल, हा प्रश्न मूल स्वतः विचारतं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आणि त्यातला कळीचा धडा ओझं म्हणून उतरवला गेला. मार्चमध्ये गारपिटीने गहू झोपलेला ज्या पोराने डोळ्यांनी पाहिलाय, त्याला हा विषय ओझ्याचा वाटेल असं मला वाटत नाही.

राज्य मंडळाच्या मुलांकडे आज उत्क्रांती आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. राज्याने २०२५-२६ पासून नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणायला घेतला आहे, आणि त्याची घडण बरीचशी सीबीएसईच्या धर्तीवर आहे. तो दहावीपर्यंत पोचायला काही वर्षं आहेत. मसुदे येतील, हरकती मागवल्या जातील, मुदत थोडी असेल. मी आमच्या तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना आत्तापासून एवढंच सांगते आहे की मसुदा आला की सगळ्यात आधी अनुक्रमणिका काढा, ‘आनुवंशिकता’ शोधा आणि तिच्यापुढे ‘व उत्क्रांती’ आहे का ते बघा. नसेल तर त्याच आठवड्यात लिहून पाठवा. छपाई झाल्यावर नाही.

तोवर माझ्याकडची जुनी प्रत चालते आहे. तिची पाठ सुटली म्हणून चिकटपट्टी लावली आहे. भुंगेऱ्यांच्या चित्राचं पान इतक्यांदा झेरॉक्स मशीनवर दाबलं गेलं की मधून फाटायला आलंय. या जूनला सीबीएसईची अकरा मुलं आहेत. अकरा संच काढून स्टेपल केले आहेत. मसूर आणि मूग डब्यात भरून ठेवले आहेत, आणि त्या मुलाचे वडील म्हणालेत की खेळाच्या दिवशी तेही येतील, सोबत पोखरलेली चार बोंडं घेऊन.